एका बाजूने जुना

दगडाला म्हातारं करणं हे काळाचं काम आहे आणि काळ ते दुसऱ्या कोणावर सोपवत नाही, असं जाणती माणसं सांगत आलेली आहेत. स्वप्नाने ते पुण्याच्या एका कंपनीकडे अर्ज करून मागून घेतलं होतं, आणि घरच्यांनी त्यासाठी येळवसेपर्यंतची, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येपर्यंतची, मुदत दिली होती. कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. खेळात वीर असतात, राक्षस असतात, जाळ ओकणारी जनावरं असतात. ती घडवायला पोरांची रांग लागते. पण वीर जिथं उभा राहून लढतो तिथं शेजारी एक दगड लागतो, आणि दगड घडवायला रांग लागत नाही. त्या नसलेल्या रांगेत स्वप्ना पहिली उभी होती. अंबाजोगाईत मेडिकल कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत, दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी, तिचा दगड पडद्यावर सावकाश फिरत होता आणि पुण्याहून रामेश्वर सर तो बघत होते. रामेश्वर सर म्हणजे दगड पास की नापास हे ठरवणारे गृहस्थ. मूळचे परभणीकडचे, पण बारा वर्षं पुण्यात राहून आवाजाला कल्हई केलेली. त्यांनी दगड पुढून पाहिला, मागून पाहिला, खालून पाहिला, आणि म्हणाले, "चांगलाय. पण मॅडम, हा सगळीकडून सारखाच जुना आहे." पुढचं काहीतरी नेटवर्कने खाल्लं. ते बरंच झालं, कारण एवढंच पचायला पुष्कळ होतं.

सगळीकडून सारखाच जुना. वाक्य तिच्याबरोबर ओट्यापर्यंत आलं, चहात उकळलं, कपात उतरलं. त्यात खोटं काही नव्हतं हीच अडचण होती. दगड करायची तिची रीत अशी: पडद्यावर एक गोळा घ्यायचा, भाकरीच्या पिठासारखा, हातातल्या पेनने तो थापायचा, दाबायचा, कडा काढायच्या, मग ब्रशांच्या पेटीतून खडबडीचा ब्रश उचलायचा आणि धपाट्यावर तीळ भुरभुरावेत तशी खडबड सगळ्या अंगावर भुरभुरायची. गोळा घटकाभरात म्हातारा दिसू लागतो. पण म्हातारा दिसणं निराळं आणि वय होणं निराळं. लातूरचं लग्न मोडून ती परत आली तेव्हा माहेरच्या नांदूरघाटाने तिलाही असंच एका सकाळीत जुनं करून टाकलं होतं. खरं म्हणजे तेव्हा ती फक्त एका बाजूने जुनी झाली होती. रात्री फाटकाची कडी वाजली की दचकायची ती बाजू. बाकीची, चित्रं काढणारी, भजी खाताना बोटं चाटणारी, बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपणारी, सगळी कोरीच होती. पण गावाने एकच ब्रश घेतला आणि डोक्यापासून टाचेपर्यंत फिरवला. आणि आता चौतिशीत आपण एका निरपराध दगडाचं तेच केलं, हे तिला चहा निवेपर्यंत कळलं आणि चहा निवल्यावर जास्तच कळलं.

मुदतीचं कारण विजयसिंहमामा. आईचे हे धाकटे बंधू वडवणीला एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते, अधूनमधून निवडणुकीलाही उभे राहत, आणि संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा त्यांनी भाचीसाठी काढून ठेवली होती. काम काय, असं तिने एकदा विचारलं होतं. मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "झाकून ठेवायचा. धूळ लई बसती." दगडाचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते इतके हसले की पानाची पिचकारी चुकली. "पुण्याच्या लोकाला दगड करून देती? आगं, आपल्या शिवारात दुसरं हाय काय? एक ट्रॉली भरून पाठवू का?" वडील, सुंदरराव, हसले नाहीत. ते कोणत्याच गोष्टीला लगेच हसत नसत. आधी जमीन बघत. जमीन बघून ते म्हणाले, "येळवसेपर्यंत बघू. जमलं तर ऱ्हा अंबाजोगाईला. न्हाई तर मामा म्हणत्यात तसं." म्हणजे येळवसेला सगळं घर शेतात जेवायला बसेल तेव्हा तिच्या हातात एकतर पास झालेला दगड असेल, नाहीतर झाकायचा कॉम्प्युटर. झाकलेला कॉम्प्युटर तिच्या स्वप्नात येऊ लागला. त्याला पिवळं कापड असे आणि कापडाखाली काहीतरी श्वास घेत असे.

त्या दुपारी ती हत्तीखान्याच्या लेण्यात गेली. लहानपणी शाळेची सहल यायची तेव्हा या दगडी हत्तींवर बसण्यावरून मारामारी व्हायची. आता ती एका हत्तीसमोर उकिडवी बसली आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरीकडे नव्हे, तर नंतरच्या शेकडो वर्षांच्या बिनपगारी कामाकडे बघत राहिली. पाऊस वरून येतो, म्हणून डोक्यावरची नक्षी गेली होती. ओल खालून चढते, म्हणून पाय सालपटं निघाल्यासारखे होते. मधलं पोट मात्र जसंच्या तसं. आणि पाठ, जिथं पोरं बसतात ती पाठ, तेलकट, काळी, गुळगुळीत, एखाद्या जुन्या सावकाराच्या लोडासारखी. तिने तिथं तळहात ठेवला. थंड होता दगड, पण कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा. कुणी केलं हे, असं तिच्या मनात आलं, आणि उत्तर आलं की कुणीच नाही. जो तो आपापलं काम करत होता. पाण्याला खाली जायचं होतं, शेवाळाला सावली हवी होती, पोरांना हत्ती हवा होता. या तिघांनी मिळून जे केलं ते तिच्या कुठल्याही ब्रशला येत नव्हतं. तिला लाज वाटायला हवी होती. वाटलं ते निराळंच. मोठ्या गवयाच्या मैफलीत मागे बसून आपण जन्मभर शिकलो तरी हे येणार नाही हे कळतं आणि तरी उठवत नाही, तसं काहीसं. राखणदाराने दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला विचारलं, "बाई, काही हरवलं का?"

समोर एक खरा दगड ठेवून बघत काम करायला हरकत नाही, असं रामेश्वर सरांनी सांगितलं होतं. फक्त फोटो काढून मशीनने उचललेला नको, हाताने घडवलेला हवा. म्हणून दिवाळीला ती नांदूरघाटला गेली तेव्हा फराळापेक्षा बांधावर जास्त फिरली. शेतात दगड उदंड, पण बहुतेक नांगराने वर काढलेले, कालचे, चेहरा नसलेले. विहिरीशेजारच्या बाभळीखाली मात्र गवतात चारदोन धोंडे पडलेले होते, आणि त्यातला एक तिने पायाने उलटला आणि तिथंच बसली. नारळाएवढा, काळाभोर. एक अंग खरखरीत, काहीसं चिडकं. दुसरं अंग इतकं मऊ उतरलेलं की त्यावरून बोट आपोआप घसरे, आणि उताराच्या शेवटी अंगठा बसेल एवढा एक खळगा. बारीक छिद्रांत कसलीशी फिकट, पांढरट भर. एका बाजूने जुना. ती स्वतःशीच हसली. लांबून आईने हाक मारली, "कावून गं, काय सापडलं?" "काय न्हाई, दगड," ती ओरडली. हे उत्तर शेतात कोणालाही पुरतं. तिने तो ओढणीत बांधला, पिशवीत अनारशांच्या डब्याखाली घातला, आणि केजच्या गाडीत मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईने पिशवी सरकवून पाहिली आणि विचारलं, "लई जड हाय. काय हाय?" "काम हाय," स्वप्ना म्हणाली.

खोलीतल्या दुसऱ्या खाटेची मालकीण करिष्मा. सरकारी दवाखान्यात नर्स. तिचं लहानपण उसाच्या फडांवर गेलं, दर हंगामाला निराळं गाव, निराळी कोप म्हणजे पाचटाची खोपटी, आणि चुलीला तीन दगड शोधायचं काम तिचं. त्यामुळे दगडांबद्दल तिचं मत तयार होतं. "ह्यो चुलीला चालायचा न्हाई," तिने पहिल्याच दिवशी निकाल दिला. "एका अंगाला घसरतो. भगुनं कलंडंल." "चुलीला न्हाई आणला. बघायला आणलाय." "बघायला?" करिष्माने खाली वाकून बघितलं, बराच वेळ, मनापासून. "बघितला. आता?" पण तिने त्याला जागा दिली. दिवसभर तो टेबलावर दिव्याखाली असे. संध्याकाळी वारा सुटला की खोलीचं दार आपटायचं, तेव्हा करिष्मा त्याला उचलून दाराला लावायची, आणि दवाखान्यातून आल्यावर चपला त्याच्या शेजारी काढायची. कधी घाईत एखादी चप्पल त्याच्यावरही पडायची. त्याने कधी तक्रार केली नाही. स्वप्नाला या गोष्टीचंही कौतुक वाटे. कुठंही ठेवा, तो तिथं पूर्वीपासून असल्यासारखा दिसे. तिला स्वतःला हे लातुरात जमलं नव्हतं आणि नांदूरघाटात परत गेल्यावरही जमलं नव्हतं.

मग काम सुरू झालं, आणि ते दिवस तिला नंतर एकाच लांब दुपारीसारखे आठवत. तिने खडबडीचा ब्रश पेटीतून काढूनच टाकला. आधी मोठे उतार. तासणारा ब्रश घेऊन, सुतार रंधा मारतो तसे, एक एक पातळी. मग कडा. कड हा दगडाचा स्वभाव असतो हे तिला नव्यानेच कळत होतं. सगळीकडे धार ठेवली तर दगड भांडखोर दिसतो, सगळीकडे घालवली तर बटाटा होतो. समोरच्या या काळ्याने दोन्ही टाळलं होतं. त्याच्या खरखरीत अंगावर एक भेग होती, ती सरळ जाता जाता एकदम विचार बदलून वळली होती. का वळली, हे कळल्याशिवाय ती वळवता येत नव्हती. ती दिवा डावीकडे न्यायची, उजवीकडे न्यायची, सावली भेगेतून कशी उतरते बघायची, मग डोळे मिटून नुसती बोटं फिरवायची आणि मिटल्या डोळ्यांनीच पेनकडे हात न्यायची. पेन जिच्यावर चालतं त्या काचेवर हाताला काही लागत नाही, ती निव्वळ गुळगुळीत असते. पण बोटांत दगड उरलेला असे आणि तो पेनमधून आत उतरे. अशा वेळी आपण काही करतो आहोत असं तिला वाटत नसे. आपण फक्त पाणी आहोत आणि आपल्याला खाली जायचं आहे, असं वाटे. वीज गेली की हे वाटणं बंद होई आणि इन्व्हर्टरची टूं टूं सुरू होई.

खळग्यापाशी ती अडली. अंगठ्याएवढा, इतका नीट, काठ इतका मऊ. ओढ्यात एखादा गोटा याच जागी गरगरत राहिला असणार असं तिने ठरवलं. आणि छिद्रांतली पांढरी भर. भिंग लावून पाहिलं तर पातळ पातळ थर, एकावर एक, मध्येच तांबूस रेघ. आमच्या काळ्या मातीत चुनखडी असतेच, ती झिरपून बसली. तांबूस म्हणजे लोखंडाचा गंज. तिने तो थर रंगवायला घेतला तेव्हा श्वास रोखला गेला. इतक्या धीराने, इतक्या नेमाने, दरवेळी थोडं थोडं, कुणी कधी काही केलं आहे का जगात? निसर्गाला घाई नाही, घटस्फोटाची तारीख नाही, मामा नाहीत. कंपनीत प्रत्येक दगडाबरोबर त्याची गोष्टही द्यावी लागे, तो कुठे पडला होता, कशाने झिजला. तिने लिहिलं: ओढ्याकाठचा काळा पाषाण; एक अंग पश्चिमेच्या वाऱ्यापावसाने झिजलेले; खळगा गोट्याच्या घर्षणाने; छिद्रांत चुनखडीचे थर. करिष्माने खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. "बया," ती म्हणाली, "ह्याच्यावर चप्पल पडली तर आवाज येईल का गं?" एवढं कौतुक तिचं तोपर्यंत कुणी केलं नव्हतं. दगड पुण्याला गेला. त्यानंतर पुण्याहून काहीच आलं नाही, आणि येळवस आली.

येळवसेला आमच्याकडे गावात कुणी सापडत नाही. कुलपंसुद्धा शेतात जातात. सुंदररावांनी ज्वारीतच कडब्याची कोप उभी केली होती. टोपल्यांतून पालेभाज्या-शेंगांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, धपाटे आलेले. विजयसिंहमामा पांढऱ्या कपड्यांत, चिखलाला न घाबरणाऱ्या नव्या गाडीतून आले होते आणि चिखलाला घाबरून बांधावरूनच बोलत होते. "भाचे, सोमवारपासून येती ना? कापड मी शिवून ठेवलंय कॉम्प्युटरला." स्वप्ना मोबाइल बघत होती. मोबाइलला रेंज फक्त बांधाच्या टोकावर येई, आणि ती पुन्हा पुन्हा तिथं जाऊन येत होती. आई, म्हणजे बायनाबाई, चुन्याची वाटी, गेरू आणि काथ्या घेऊन बाभळीकडे गेली. कोपीत पाच पांडव मांडायचे असतात. पाच दगड, धुतलेले, चुना दिलेले, वर गेरूची बोटं. कुणाकडे दरवर्षी हाताला लागतील ते पाच उचलतात. यांच्याकडे तेच पाच, पणजीने मांडलेले. स्वप्नाने ते जन्मभर पाहिले होते, पण पांढरेशुभ्र, कोपीतल्या अंधारात, पुढे भज्जीचा वास दरवळत असताना. पावसाने चुना उतरला की ते बाभळीखाली काय करतात हे तिने कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतरची वर्षं तर ती येळवसेला लातुरातच होती.

बाभळीखालून आईचा आवाज आला. "आवो, नकूळ कुटाय?"

सुंदरराव जमीन बघत तिकडे गेले. गवत उपटून झालं, विहिरीचा काठ झाला. "धर्म हाय, भीम हाय, अर्जुन हाय, सहदेव हाय," आई एकेकाला हात लावत म्हणाली. "नकूळ न्हाई." मामा बांधावरून म्हणाले, "आक्का, तो नकूळच कशावरून? मला तर चौघांची तोंडं सारखी दिसत्यात." "तुला मतदार बी सारखेच दिसत्यात." "मग मांड की दुसरा एखादा. शिवारभर पडलेत." आई उभी राहिली. "दुसरा एखादा भाऊ मांडू का तुझ्या जागंवर?" मामा गाडीकडे बघू लागले. "त्याच्या पाठीला खळगा हाय," आई सांगत राहिली, कुणाला नाही, गवताला. "अंगठ्यायेवढा. पयला चुना तितं भरायचा. आत्याबाई तशाच करायच्या, त्येंच्या सासूबाई बी तशाच."

स्वप्ना तेव्हा बांधाच्या टोकावर होती. मोबाइल थरथरला तो त्याच क्षणी. रामेश्वर सर: पास. मॅडम, झीज अप्रतिम. पश्चिमेचा वारा तुम्ही अगदी बरोबर पकडलात. जानेवारीपासून काम चालू. तिने ते वाचलं आणि वाचताना तिच्या कानात खळगा, अंगठ्यायेवढा, पयला चुना, हे शब्द पडत गेले, आणि तिच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप आत वळला. तिला पणजी दिसली. पाहिली कधीच नव्हती, पण दिसली. दगड डाव्या हाताने मांडीत धरलेला, उजव्या हातात काथ्या. आत्याबाई म्हणजे आजी, तशीच बसलेली. आई, तशीच. मांडीकडचं अंग कधी घासलंच जात नाही, ते खरखरीत, चिडकं राहतं. वरचं अंग दर येळवसेला थोडं थोडं उतरत जातं. गोटा नव्हता. चुनखडी नव्हती. लोखंड नव्हतं. पातळ पातळ थर, एकावर एक, मध्ये गेरूची रेघ, वर्षाला एक. आणि तिने दिव्याखाली श्वास रोखून ज्या धीराला हात जोडले होते तो निसर्गाचा नव्हता, घरातल्या बायकांचा होता, ज्यांना भरपूर घाई असे, कारण मागे भज्जी चुलीवर असे.

ती खाली आली. "आई, त्यो माझ्याकडं हाय."

"कुटं?"

"अंबाजोगाईला. दाराला लावलाय."

 सुंदरराव म्हणाले, "दाराला?" "वाऱ्यानं आपटतं," स्वप्ना म्हणाली. आणखी काही सांगायचं असतं असं तिला वाटलं, पण तेवढंच खरं होतं. मामा आधी खोकले आणि मग बांधावर बसूनच हसले, नव्या कपड्यांची पर्वा न करता. "नकुळाला वॉचमन केला, आक्का!" आई हसली नाही, चिडलीही नाही. तिने चुन्याची वाटी झाकली. "तो येस्तवर मांडामांड न्हाई," ती म्हणाली, "आन् जेवण बी न्हाई." हे ऐकताच मामांनी स्वतः ड्रायव्हरला पिटाळलं. त्यांच्या गाड्यांनी आजवर बरीच मोठी माणसं वाहिली होती, आणि त्यातलं कुणी इतक्या तातडीने आलं नव्हतं. फोनवर करिष्मा म्हणाली, "न्या बाबा. पर रातच्याला दार आपटलं तर पांडवांनी भांडायला यायचं न्हाई." उपाशी माणसं ज्वारीच्या सावलीत बसून राहिली. भज्जीवर साय धरली. मामांनी दोनदा भुकेविषयी आणि एकदा देवाच्या क्षमाशीलतेविषयी विचार मांडले. उन्हं कलायला लागली तेव्हा गाडी आली. पुढच्या सीटवर नकूळ होता, आणि ड्रायव्हरने, काय वाटलं कुणास ठाऊक, त्याला पट्टा लावला होता.

आईने त्याला घेतलं, उलटं केलं, मांडीत डाव्या हाताने धरलं. विहिरीच्या पाण्याने धुतलं. काथ्या उजव्या हातात आला आणि उतारावरून फिरला, वरून खाली, वरून खाली, आणि स्वप्नाचा हात ओढणीखाली त्याच ओढीने हलत होता, कारण तो उतार तिला पाठ होता; तो तिने केला होता. चप्पल पडली होती तिथं आईने जरा जास्त घासलं, तिला काही सांगितलेलं नसताना. मग वाटी उघडली. अंगठा चुन्यात बुडाला आणि थेट खळग्यात बसला, चाफ्याच्या देठावर फूल बसावं तसा. तो अंगठा फिरला, काठाशी जरा रेंगाळला, आणि बाहेर आला. जगातला सगळ्यात चांगला ब्रश आपण पाहिला असं स्वप्नाला वाटलं, आणि तो इतकी वर्षं आपल्याच घरी भाकऱ्या थापत होता याचं तिला नवल वाटलं, आणि मग याचंही नवल वाटेना. उरलेल्या अंगावर चुना भराभरा चढला. भेग गेली. छिद्रं गेली. कडा गेल्या. दोनतीन फटकाऱ्यांत तिचं सगळं काम पांढरं झालं, वर गेरूची पाच बोटं उठली, आणि नकूळ चौघांच्या रांगेत जाऊन बसला, पूर्वीपासून तिथंच असल्यासारखा.

जेवणं झाल्यावर तिने आईला मोबाइलवर दाखवला. पडद्यावर काळा दगड सावकाश फिरत होता, उतार, भेग, खळगा, थर. आईने ओला हात पदराला पुसून मोबाइल धरला, डाव्या हातात. दगड एकदा पूर्ण फिरू दिला. "ह्यो तर आपलाच," ती म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली, आणि अंगठा काचेवर खळग्याच्या जागी गेला आणि थांबला.  "समदा उतरलाय तसाच," आई म्हणाली. "पर ह्याला चुना कावून न्हाई लावला?" "ते लोक चुना न लावलेलाच बघतात, आई." "उघडाच?" "उघडाच." आईने मान हलवली, त्या लोकांच्या रीतीभातींविषयी आणखी काही जाणून घ्यायची तिला इच्छा नव्हती. मोबाइल परत देताना मात्र ती सुंदररावांना म्हणाली, "सोमवारी कुटं जायचं न्हाई तिनं. तिला काम हाय." सुंदररावांनी जमीन बघितली आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिने पुण्याला फोन लावला. दगडाची गोष्ट चुकली होती आणि चुकलेली गोष्ट पाठवून ठेवणं तिला बरं वाटेना. "सर, तो पश्चिमेचा वारा नव्हता," ती म्हणाली. "मग?" "माझी आजी होती. आणि पणजी. आणि आई. दर येळवसेला पांडवांना चुना देऊन. खळगासुद्धा त्यांचाच आहे." या वेळी नेटवर्कने काही खाल्लं नाही. "माझ्या आजोळी पण मांडायचे," रामेश्वर सर म्हणाले, आणि हे वाक्य बोलताना त्यांच्या आवाजाची कल्हई एका जागी उडालेली तिला ऐकू आली. "सहदेव पार झिजून लिंबाएवढा झाला होता." मग ते खाकरले. "मॅडम, फाइलमध्ये आजी लिहू नका. परदेशी लोकांना समजावता येणार नाही. वाराच राहू द्या." स्वप्नाने वारा राहू दिला.

वडवणीची जागा मामांनी दुसऱ्या भाचीला दिली. तिला कॉम्प्युटर येत नाही, पण कापड तिला आवडलं. स्वप्ना अंबाजोगाईतच राहिली आणि एकामागून एक दगड घडवत राहिली. दाराला करिष्माने आता एक वीट लावली आहे, नकूळ येळवसेनंतर बाभळीखाली गेला, आणि स्वप्ना नांदूरघाटला गेली की एकदा त्याच्याजवळ बसून येते. पुढच्या वर्षी खेळ बाजारात आला. कंपनीने तिला तो पाठवला, आणि एका दुपारी ती आणि करिष्मा पडद्यासमोर दगड शोधत बसल्या. करिष्माला वीर चालवता येईना. तो सारखा भिंतीवर आपटत होता. शेवटी तो डोंगरावर पोचला, जिथं स्वप्नाचा दगड होता. दगड होता. ती लढाई ऐन हिवाळ्यातली आहे. तिथं पहिल्यापासून शेवटपर्यंत बर्फ पडतो, आणि सगळे दगड पांढरे आहेत.